पाय पोळत नव्हते

"डोळे मिटा काका, आणि टोचलं की 'हो' म्हणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी डोळे मिटले. हात छातीवर, चेहरा शांत. चर्चमध्ये शेवटच्या प्रार्थनेला उभा राहतो तसा पडून राहिलो. बाहेर सोलापूरची दुपार तापलेली, वर पंखा कुरकुरत होता. बाई कधी सुरू करतात याची मी वाट बघत होतो. बराच वेळ गेला. मला वाटलं, मधेच त्यांना फोन आला असेल. शेवटी हळूच एक डोळा उघडला, तर त्या हातातली नायलॉनची बारीक काडी डबीत ठेवत होत्या.

"झालं?" मी विचारलं.

"दोन्ही तळपायांना सगळीकडं टोचून झालं. तुम्ही एकदाही हो म्हणाला नाहीत."

माझी बायको सुमन खाटेच्या पायथ्याशी उभी राहून हे सगळं बघत होती. तिचा चेहरा दिसला आणि माझ्या ओठावर आलेला विनोद तिथंच राहिला.

या दुखण्याला पेरिफेरल न्यूरोपथी म्हणतात. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या टोकापर्यंत जाणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात. काटा बोचला, चटका बसला, तरी आत खबर पोचत नाही. माझ्या उजव्या पायाला त्यातून गँगरीन झालं होतं. म्हणजे मी जिवंत होतो आणि पायाचं मांस मेलेलं होतं, आणि ते मरण वर चढत होतं.

"पाय वाचेल की नाही हे आज सांगत नाही," बाई म्हणाल्या. "आणि पायासाठी फार अडून बसलो तर जीव जाईल, हेही ऐकून ठेवा."

तो गुड फ्रायडे होता.

ज्यांच्या घरात शुगर आहे त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. त्यातही जे माझ्यासारखे भाविक आहेत त्यांनी जरा सावकाश वाचावं, कारण शुगर तपासायला मशीन मिळतं, दुसऱ्या रोगाला मिळत नाही.

मी याकोब. नळदुर्गच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माईकवर सांगायचं माझं काम. गाव मला कंट्रोलर म्हणतं. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, पत्र्याच्या छपराचं प्रार्थनामंदिर, बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष दुसऱ्या. मी तिथला पंच, म्हणजे कारभारात पाळकसाहेबांच्या, आमच्या धर्मगुरूंच्या, हाताखालचा. हाताखालचा हे फक्त म्हणायला. आवाज माझाच मोठा.

आमच्या भागात नवरात्रात माणसं अनवाणी तुळजापूरला जातात. लहानपणापासून मी त्यांचे जथे बघत आलोय. आपल्यात असं दणदणीत काही नाही, ही खंत मनात कुठंतरी होती. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं मिळतं, आपल्या करणीनं नाही, हे मी रविवारच्या शाळेत पोरांना घोकून घोकून शिकवलंय. पण फुकट मिळालेल्या वस्तूची माणसाला किंमत वाटत नाही. आपलं थोडं तरी त्यात घालावं, असं वाटतं. म्हणून ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मी चप्पल सोडली. राखेच्या बुधवारपासून घर ते स्टँड, स्टँड ते चर्च, हायवेच्या कडेनं, अनवाणी.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त विचारायची सोय ठेवली होती.

सगळ्यात आधी बसवराज अण्णांनी विचारलं. ते मूळचे जळकोटचे, स्टँडसमोर त्यांचं खत-बियाण्याचं दुकान. कपाळाला विभूती, तोंडात कानडी आणि मराठी एकाच वेळी.

"एनरी कंट्रोलर, चप्पल कुठं इसरला?"

"सोडलीय अण्णा. चाळीस दिवस."

"तुमच्या पुस्तकात हाय व्हय असं?"

"नाही."

"मग कुनी सांगितलं?"

"कुणीच नाही. आपलं आपणच." हे मी मान झुकवून म्हणालो. मान किती झुकवली म्हणजे नम्र दिसते, याचा मला सराव होता.

अण्णांनी माझ्या पायांकडं बघितलं. "आमी बी जातो तुळजापूरला अनवाणी. पन एकटा कुनी जात न्हाय. मुक्कामाला बसलं की एकमेकाचं तळपाय बघायचं, काटा-बिटा काढायचा. तुमचं बघतंय कोन?"

"मला काही होत नाही अण्णा," मी म्हणालो. आणि खरंच काही होत नव्हतं.

ते कसं, तर मार्चमध्येच डांबर मऊ झालं होतं. ट्रकवाले ढाब्यावर उतरले की चप्पल सापडेपर्यंत उड्या मारायचे. मी त्यांच्या मधून संथ चालत जायचो. चटका नाही, काही नाही. कापसावरून चालल्यासारखं. आदल्या हिवाळ्यात माझी एक चप्पल फलाटावरच राहिली होती आणि मी तसाच ऑफिसात जाऊन बसलो होतो. एका बाईनं आणून दिली. तेव्हा मी हसलो होतो. वाचणाऱ्यांनी हसू नये. चप्पल पायातून निसटलेली कळली नाही, तर ती डॉक्टरकडं जायची वेळ असते. मी शुगरच्या गोळ्याही मनाला येईल तशा घेत होतो. सुमन बोलायची. मी म्हणायचो, "थोडीशीच आहे."

चाळिसातले अर्धे दिवस सरले असतील. एका रविवारी मी साक्ष द्यायला उभा राहिलो. आमच्यात साक्ष देतात, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं सांगायचं. मी सांगितलं, "डांबर पेटलंय, आणि या दासाचे पाय पोळत नाहीत. ही कृपा आहे." हालेलूया झाली. दोघी-तिघी बायकांनी डोळ्याला पदर लावला.

पाळकसाहेबांनी मात्र हालेलूया म्हटलं नाही. ते माझ्या पायांकडं बघत होते. माझ्यापेक्षा वयानं लहान माणूस. मला वाटलं, संकोचले असतील. त्यांच्या पायात बूट होते.

त्या दिवशीचा त्यांचा उपदेश त्या दोघांवर होता, जे प्रार्थनेला मंदिरात जातात. एक परूशी, धार्मिक, आपण काय काय करतो ते देवाला ऐकवणारा. दुसरा जकातदार, पापी, मान खाली घालून दया मागणारा; आणि देवाला तोच पटतो. ही गोष्ट मला फार आवडते. ती ऐकताना दर वेळी माझ्या मनात यायचं, बरं झालं, मी त्या परूश्यासारखा नाही.

शेवटच्या आठवड्यात घरात वास यायला लागला.

"उंदीर मेलाय कुठंतरी," सुमन म्हणाली. आम्ही कपाट सरकवलं. गव्हाची कोठी हलवली. पलंगाखाली झाडून काढलं. उंदीर नाही. वास मात्र होता. कधी या खोलीत, कधी त्या. मी स्वयंपाकघरात गेलो की तिथं यायचा. सुमन म्हणाली, "हा उंदीर मेल्यावर फिरतो की काय!" आम्ही दोघंही हसलो. फरशीवर अधूनमधून तपकिरी डाग दिसत होते. मी चिखल म्हणून पुसायला सांगितले. एप्रिलमध्ये चिखल कुठला, हे मला सुचलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

मग तो गुरुवार आला. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. मंडळीतली बारा माणसं पुढं खुर्च्यांवर बसतात. पाळकसाहेब आणि मी पितळेच्या परातीत त्यांचे पाय धुतो, पंच्यानं पुसतो. मी धुणाऱ्यांतला. बसणाऱ्यांत मी कधीच बसलो नव्हतो. त्या वर्षी पाळकसाहेब म्हणाले होते, "याकोबराव, या वेळी तुम्ही बसा. मी धुतो तुमचे."

"छे छे, माझी लायकी नाही," मी म्हणालो होतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी गुडघे टेकले. पहिल्या माणसाचा पाय परातीत घेतला. गुडघे टेकलेल्या माणसाचे तळपाय मागं उताणे होतात आणि मागं बसलेल्या मंडळीला दिसतात, हे माझ्या लक्षातही नव्हतं.

मागं कुजबुज झाली. मला वाटलं, मंडळी गहिवरली. मी आणखी सावकाश धुवायला लागलो. कुजबुज वाढली. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. एक लेकरू रडायला लागलं. मग सतरंजीवरून भरभर पावलं आली आणि माझा घोटा कुणीतरी मागून घट्ट धरला.

"उठा," सुमन म्हणाली.

"अगं, उपासना चालू आहे."

"उठा म्हणते ना! पाय बघा तुमचा. वास ह्याचा येतोय!"

मी वळून बघितलं. अंगठ्याच्या खाली तळव्याला भोक होतं. कडेनं काळं, आत पिवळं. त्यातून तारेचं एक टोक बाहेर आलं होतं. आमच्या हायवेला ट्रकची टायरं फुटतात, त्यांच्यातल्या तारांचे तुकडे कडेला पडलेले असतात, त्यातली ती एक. ती कधी घुसली, तिच्यावर मी किती दिवस चाललो, मला आजही माहीत नाही. ती घेऊनच मी साक्ष दिली असेन.

पाळकसाहेब परात सोडून उठले. विधी तिथंच थांबला. बसलेले बाराही जण, कुणी ओल्या पायानं, कुणी कोरड्या, माझ्याभोवती उभे राहिले. दुखत काहीच नव्हतं. तेच सगळ्यात भयंकर होतं.

दुसऱ्या दिवशी सोलापूर, ती नायलॉनची काडी, आणि मग ऑपरेशन. पहिल्याला डिब्राइडमेंट म्हणतात, म्हणजे सडलेलं कापून साफ करणं. त्याआधी डॉप्लर नावाची तपासणी, म्हणजे पायात रक्त कुठवर पोचतंय ते यंत्रानं ऐकायचं. घोट्यापर्यंत धप धप आवाज येत होता. बोटांकडं यंत्र नेलं की नुसती खरखर, स्टेशन न लागणाऱ्या रेडिओसारखी.

दोन बोटं गेली. मग डॉक्टरीणबाईंनी पायावरची लाली जिथं संपत होती तिथं निळ्या पेनानं गोल रेघ ओढली.

"लाली या रेघेच्या आत राहिली तर आपण जिंकतोय. बाहेर गेली तर मला वरून कापावं लागेल. किती वरून, ते तेव्हा बघू."

ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांना सांगतो, वॉर्डात माणूस घड्याळ बघत नाही. रेघ बघतो. सुमन सकाळी पांघरूण वर करायची आणि मी तिच्या तोंडाकडं बघायचो. पहिल्या सकाळी तिनं मान हलवली, आत होती. दुसऱ्या सकाळी तिनं रेघ बघितली. पांघरूण परत घातलं, नीट खोचलं, आणि म्हणाली, "डॉक्टर येऊ द्या."

लाली रेघ ओलांडून दोन बोटं वर आली होती. बाईंनी नवी रेघ ओढली. आता एका पायावर दोन रेघा होत्या, आणि तिसरीला जागा किती उरलीय ते मी नजरेनं मापत होतो. अंगात ताप, हुडहुडी. संसर्ग रक्तात पसरला की त्याला सेप्सिस म्हणतात, म्हणजे मग प्रश्न पायाचा राहत नाही.

त्या दिवसांत मी प्रार्थना केल्या. आधी माझ्या नेहमीच्या आवाजात, मनातल्या माईकवर. प्रभू, चाळीस दिवस चाललो. प्रभू, पंच म्हणून इतकी वर्षं राबलो. प्रभू, दर वर्षी लोकांचे पाय धुतले, आता माझा एक तरी ठेव. मागं लागून मागं लागून मी दमलो. एकदा असं करता करता मला आपलाच आवाज ऐकू आला. अगदी तोच, मंदिरात पुढं उभं राहून देवाला ऐकवणाऱ्याचा. इतकी वर्षं त्या गोष्टीत मी भलत्याच जागी उभा होतो.

ईस्टरची उपासना उरकून पाळकसाहेब आले. स्टुलावर बसले.

"साहेब, त्याच्यासाठी चाललो, आणि त्यानं हे दिलं?" मी विचारलं.

"हे त्यानं दिलं का, मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण तारण म्हणजे तो आपल्याकडं चालत आला. आलेलाच आहे. मग तुम्ही चाळीस दिवस कुठं निघाला होता, याकोबराव?"

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

सुमननं मधेच तोंड घातलं. "मी चप्पल घाला म्हटलं तेव्हा हे देवाचं ऐकत होते. आता निदान डॉक्टरणीचं ऐका म्हणावं."

पाळकसाहेब हसले, मीही हसलो. मग मला लघवी लागली. उठता येत नव्हतं. सुमन चहा आणायला खाली गेली होती. मी पाळकसाहेबांना सांगेना. शेवटी त्यांनीच भांडं घेतलं, पडदा ओढला, धरलं, जाऊन ओतून आले, भांडं विसळून ठेवलं. मी भिंतीकडं तोंड केलं होतं. दुसऱ्याचे पाय धुणं सोपं आहे हो. वाकतो आपण, पण हात आपला असतो, परात आपल्या ताब्यात असते. आपलं घाण अंग दुसऱ्याच्या हातात देणं, हे मला तोवर कधी जमलं नव्हतं. प्रभू पाय धुवायला वाकला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र म्हणाला, माझे नको. ते मी नम्रतेचं उदाहरण म्हणून शिकवत आलो होतो. प्रभूनं त्याला काय बजावलं ते मात्र मी घाईत उरकायचो: धुऊ दिलं नाहीस, तर तुझा माझ्याशी संबंध नाही.

दुसऱ्या ऑपरेशनला नेताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत गेल्यावर ठरवीन. अर्धं पाऊल वाचलं तर वाचवीन, नाहीतर गुडघ्याखालून." सुमननं संमतीची सही केली. सही सरळ आली.

स्ट्रेचरवर मी प्रार्थना करायला गेलो आणि सांगायला काहीच नव्हतं. "दया कर," एवढंच निघालं. खरंच तेवढंच होतं. आणि पुढच्याच क्षणी मनात आलं, हे साक्षीत सांगायला फार चांगलं आहे. बघा! भूल द्यायला घेतात तरी माणूस सुधारत नाही. तेव्हा कळलं की माझ्या नम्रतेच्या भरवशावर माझं तारण असतं तर मी स्वर्गाच्या दाराबाहेरच राहिलो असतो.

शुद्ध आली तेव्हा मी पहिल्यांदा पांघरुणाचा उंचवटा बघितला. होता. आखूड होता. पुढचा अर्धा भाग गेला होता. याला ट्रान्समेटाटार्सल ॲम्प्युटेशन म्हणतात, म्हणजे बोटांसकट पुढचं पाऊल काढतात आणि टाच ठेवतात. नवी रेघ ओढली गेली, आणि लाली तिच्या आत राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. सुमननं तेव्हा कुठं खाली बसून जेवण केलं.

बसवराज अण्णा भेटायला आले ते बुटांचं खोकं घेऊन. आधी माझा पाय बघितला, मग खोक्याकडं.

"ह्यातला एक तुमाला मोठा व्हनार की हो."

"पुढं कापूस कोंबू अण्णा."

"कोंबा. पन घाला." मग जरा वेळानं, "म्या इचारलं होतं, तळपाय बघतंय कोन म्हनून."

"विचारलं होतं."

"आपला आपल्याला दिसत न्हाय तो," अण्णा म्हणाले आणि मोसंबी सोलायला लागले.

आता घरचं सांगतो, कारण वाचणाऱ्याला उपयोग त्याचा आहे. रोज संध्याकाळी सुमन मला खुर्चीवर बसवते, समोर पाटावर बसते आणि तळपाय बघते. बोटांच्या मधे (एकाच पायाला आहेत, काम लवकर होतं), टाचेला, कडेला. ती घरी नसली तर मी जमिनीवर आरसा ठेवून बघतो, पण आरशात मी मला सोयीचं तेवढंच बघतो हे तिला ठाऊक आहे. अंघोळीचं पाणी ती हात घालून बघते, मगच मी पाय घालतो. बूट घालण्याआधी उपडा करून झटकतो. घरातही अनवाणी नाही. गोळ्या वेळेवर. देवासाठी काही सोडायचंच असेल तर तोंड सोडणं सोडा, असं सुमन म्हणते. ते अजून जमलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी खोटी आशा दाखवली नाही. मेलेल्या नसा परत येत नाहीत. डावा पाय शाबूत आहे, पण तोही तसाच मुका आहे. दर तपासणीला त्या काडीनं टोचतात, मी डोळे मिटून वाट बघतो, आणि खोली शांत असते. त्या शांततेची मला अजून भीती वाटते. कधी घरात कसला वास आला की आम्ही दोघंही आधी माझ्या पायाकडं बघतो, मग उंदीर शोधतो.

तरी उपकार कुणाकुणाचे मानू? त्या बाईंचे, ज्यांनी मला टाच ठेवली. पाळकसाहेबांचे. अण्णांचे. भर उपासनेत पुरुषांच्या बाजूला येऊन माझा घोटा धरणारीचे.

यंदाच्या गुरुवारी पाळकसाहेबांनी मला विचारलं नाही. नुसती खुर्ची दाखवली. मी काठी टेकत गेलो आणि बारा जणांत बसलो. बूट काढायला वेळ लागला. कापूस खाली पडला, तो पुढच्या सतरंजीवरच्या एका पोरीनं उचलून दिला. अर्धं पाऊल सगळ्या मंडळीपुढं उघडं पडलं. कुजबुज झाली नाही. झाली असती तर बरं वाटलं असतं.

पाळकसाहेबांनी गुडघे टेकले आणि तो पाय परातीत घेतला. त्यांनी पाणी घातलेलं मला दिसलं. बोटं होती त्या जागेवरून त्यांचा हात फिरलेला दिसला. कळलं काहीच नाही. मी डोळे मिटले असते तर कुणी माझे पाय धुतायत हेही मला समजलं नसतं. म्हणून मी डोळे उघडे ठेवले. नंतर सुमन पंचा घेऊन आली आणि पुसताना माझ्या कानाशी म्हणाली, "पाणी कोमट होतं. मीच तापवलं होतं."

मी विश्वास ठेवला.